चौसष्ट घरांचा हिशेब

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

ही संख्या मोठ्याने वाचून दाखवा म्हटले, तर बहुतेक जण पहिल्या दोन-तीन स्वल्पविरामांतच अडखळतील. हजार, लाख, कोटी, फार तर अब्ज इथवर जीभ सहज चालते. पुढची नावे लहानपणी पाठ केलेली असली तरी वापराअभावी गंजून गेलेली असतात. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली. ती सगळी वापरली तरी ही संख्या त्यांत मावत नाही, कारण ती वीस अंकी आहे. त्यांच्या पद्धतीने वाचायची तर १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म असे उतरत उतरत शेवटच्या सहाशे पंधरापर्यंत यावे लागते.

वीस अंकांच्या संख्या अगणित आहेत. पण या एका संख्येकडे गेली हजार वर्षे माणसे पुन्हा पुन्हा येऊन पोचली आहेत, तीही अगदी वेगवेगळ्या वाटांनी. कोणी धान्य मोजत आला, कोणी चकत्या हलवत, कोणी कंपास घेऊन, कोणी संगणकाची रचना करता करता. प्रत्येकाच्या हाती शेवटी हेच वीस अंक लागले.

सर्वांत जुनी वाट बुद्धिबळाच्या पटावरून जाते. गोष्ट मराठी घरांत आजही सांगितली जाते. बुद्धिबळाचा खेळ शोधणाऱ्याला राजा म्हणतो, हवे ते माग. तो मागतो गव्हाचे दाणे. पटाच्या पहिल्या घरासाठी एक, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी चार, असे प्रत्येक घरात दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकानने आपल्या चरित्रकोशात ही गोष्ट नोंदवली आहे. तिथे राजा हिंदुस्थानचा आहे आणि मागणाऱ्याचे नाव सिस्सा आहे. गोष्ट घडली की नाही हे सोडून द्यावे, पण तिच्यातला हिशेब मात्र पक्का आहे. पुढे भारतात येऊन इथल्या गणिताचा आणि ज्योतिषाचा अभ्यास करणाऱ्या अल-बिरुनीने इसवी सन १००० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात दाण्यांची ही बेरीज शेवटच्या अंकापर्यंत बिनचूक दिली आहे.

दुपटीचा डाव सुरुवातीला कळत नाही, यातच या गोष्टीची गंमत आहे. हजार दाण्यांचे वजन चाळीस ग्रॅम धरू. पहिली ओळ, म्हणजे आठ घरे भरली की २५५ दाणे होतात, जेमतेम दहा ग्रॅम. मुठीचा तळही झाकत नाही. दुसरी ओळ संपेपर्यंत अडीच किलोच्या थोडे वर, एका पिशवीचे ओझे. तिसऱ्या ओळीअखेर पावणेसात क्विंटल, म्हणजे एखाद्या शेतकऱ्याच्या खळ्यावरची रास. चौथी ओळ, म्हणजे अर्धा पट संपताना १७१ टनांहून अधिक. दहा टनी ट्रक सतरा-अठरा लागतील. राजाला इथपर्यंत अजूनही झोप लागू शकते.

पण उरलेल्या अर्ध्या पटावर सगळे बदलते. संपूर्ण पट भरायला सुमारे ७३,८०० कोटी टन गहू लागतो. आज जगभर वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे पृथ्वीवरचा दाणा न् दाणा नऊशे वर्षांहून अधिक काळ पटावर ओतत राहावे लागेल. एकट्या भारताच्या आजच्या पिकावर काम सोपवले, तर साडेसहा हजार वर्षांच्या आसपास.

बेरजेचा शेवट ६१५ वर का थांबतो, ६१६ वर का नाही, हेही दाण्यांनीच समजून घेता येते. पहिल्या घरातल्या एका दाण्याशेजारी बाहेरून एक जास्तीचा दाणा ठेवा. ते दोन झाले. दुसऱ्या घरात दोन आहेतच, मिळून चार. तिसऱ्या घरात चार, मिळून आठ. असे एकेक घर आधीच्या ढिगाला बरोबर जोडीदार देत जाते आणि चौसष्टाव्या घरानंतर ढीग होतो दोनाचा चौसष्टावा घात. मग तो बाहेरून आणलेला एक दाणा परत करायचा. म्हणून आपली संख्या म्हणजे दोनाचा चौसष्टावा घात वजा एक. याच कारणाने कोणत्याही घरातले दाणे त्याच्या आधीच्या सगळ्या घरांतल्या एकूण दाण्यांपेक्षा एकाने जास्त असतात.

आता हा चौसष्टावा घात काढायचा कसा? चौसष्ट वेळा दोनाने गुणत बसण्याची गरज नाही, हे भारतीय गणितज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. ‘लीलावती’तली रीत अशी: घातांक सम असेल तर निम्मा करा आणि शेजारी ‘वर्ग’ लिहा; विषम असेल तर एक वजा करा आणि ‘गुण’ लिहा. एकही उरेनासे झाले की उलट चालत या. चौसष्टाचे निम्मे बत्तीस, मग सोळा, आठ, चार, दोन, एक. म्हणजे दोनापासून निघून फक्त सहा वेळा वर्ग करायचा: ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६ आणि सहाव्या वर्गाला आपण मुक्कामी पोचतो. या युक्तीचे मूळ पिंगलाच्या छंदशास्त्रात आहे. लघू आणि गुरू अशा दोनच पर्यायांतून वृत्ते किती होतात, हे मोजताना तिथे दोनाचे घात लागतात. संगणकातल्या गुप्तलेखनात प्रचंड घात काढतात तेही याच वर्गाच्या पायऱ्यांनी.

याच ग्रंथात भास्कराचार्यांनी दुपटीचे एक सुरेख उदाहरण घातले आहे. एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे वचन दिले. तर महिन्याभरात त्याने किती निष्क दिले? तीस दिवसांची बेरीज होते २,१४,७४,८३,६४६ कवड्या. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क, या कोष्टकाने उत्तर येते १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. चाळीसगावजवळच्या पाटण इथला शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला. त्या मठात बसून कुणी विद्यार्थ्याने धुळपाटीवर हे सहा कवड्यांपर्यंतचे उत्तर काढले असेल, ही कल्पना मनातून जात नाही. कवड्यांची ती संख्या मात्र वाचकाने ध्यानात ठेवावी.

इथवर संख्येचा आकार पाहिला. तिचे पोट उघडले की खरे नवल दिसते.

वीस अंकी संख्येचे अवयव पाडणे सहसा कष्टाचे काम असते. इथे मात्र शाळेतले एकच सूत्र पुरते: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. दोनाचा चौसष्टावा घात हा बत्तिसाव्या घाताचा वर्ग आहे आणि एक हा एकाचाच वर्ग. म्हणून आपली संख्या म्हणजे ‘बत्तिसावा घात अधिक एक’ गुणिले ‘बत्तिसावा घात वजा एक’. दुसरा भाग पुन्हा त्याच सूत्राने फुटतो, त्यातला दुसरा पुन्हा, कांद्याच्या पाकळ्यांसारखा. शेवटी हाती येतात

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७.

हा गुणाकार डावीकडून करत गेले की पट पुन्हा दिसू लागतो. ३ गुणिले ५ म्हणजे १५, पहिल्या चार घरांतले दाणे. त्याला १७ ने गुणले की २५५, पहिली ओळ. २५७ ने गुणले की ६५,५३५, दोन ओळी. ६५,५३७ ने गुणले की ४,२९,४९,६७,२९५, अर्धा पट. शेवटच्या अवयवाने गुणले की पूर्ण पट.

या सहा अवयवांनी सतराव्या शतकातल्या एका बुद्धिमान माणसाला चकवले. तुलूझचा कायदेपंडित पिएर द फर्मा याने १६४० मध्ये पत्रांतून असा विश्वास व्यक्त केला की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या मालिकेतली प्रत्येक संख्या मूळ आहे, म्हणजे एक आणि स्वतः यांखेरीज तिला कुणी भागू शकत नाही. पहिल्या पाच तशा आहेतही. सहावीची परीक्षा हाताने घेणे अवघड होते. तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या तर सहा हजारांहून जास्त भागाकार करावे लागतात.

डिसेंबर १७२९ मध्ये क्रिश्चन गोल्डबाखने सेंट पीटर्सबर्गमधल्या तरुण लिओनार्ड ऑयलरला पत्र लिहून विचारले, फर्माचे हे म्हणणे तुम्हाला ठाऊक आहे का? ऑयलर तेव्हा बावीस वर्षांचा होता. १७३२ मध्ये त्याने उत्तर दिले: सहावी संख्या मूळ नाही, तिला ६४१ ने भाग जातो. ६४१ गुणिले ६७,००,४१७ केले की नेमके ४,२९,४९,६७,२९७ येतात. पाकिटाच्या मागच्या बाजूवर कुणीही करून पाहावे. या संख्येला भागणारा मूळ अवयव चौसष्टाच्या पटीपेक्षा एकाने जास्त असलाच पाहिजे, याची सिद्धताही ऑयलरने पुढे दिली. तो नियम हाताशी असेल तर सहा हजार भागाकारांची गरजच उरत नाही. तशा मूळ संख्या ओळीने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच प्रयत्नाला भाग जातो. मोठे काम लहान कसे करावे, याचा यापेक्षा सुंदर धडा अंकगणितात क्वचितच सापडेल.

तेव्हा दाण्यांच्या संख्येचे मूळ अवयव सात झाले: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. एकही अवयव दोनदा येत नाही. त्यामुळे प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, असे दोनाच्या सातव्या घाताइतके म्हणजे १२८ विभाजक मिळतात. इथेही दुपटीने पाठ सोडलेली नाही.

फर्माची मालिका पुढे भूमितीत अवतरली. पट्टी आणि कंपास एवढ्याच साधनांनी समान बाजूंचा त्रिकोण आणि पंचकोन काढता येतो, दोन्ही मिळून पंधरा बाजूंची आकृतीही, हे ग्रीकांना माहीत होते. पुढे दोन हजार वर्षे त्यात नवी भर पडली नाही. ३० मार्च १७९६ रोजी कार्ल फ्रीडरिश गाउसने सतरा बाजूंची आकृतीही अशी काढता येते, हे शोधले. त्याचा एकोणिसावा वाढदिवस तेव्हा बरोबर महिनाभरावर होता. पुढे सिद्ध झाले की बाजूंची संख्या विषम असेल, तर ती फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असली तरच आकृती काढता येते. अशा मूळ संख्या आज पाचच ठाऊक आहेत. त्यांच्यापासून होणाऱ्या आकृत्या ३१, आणि त्यांतल्या सर्वांत मोठीच्या बाजू ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे अर्ध्या पटावरच्या दाण्यांइतक्या. पूर्ण पटाच्या दाण्यांइतक्या बाजूंची आकृती मात्र पट्टी-कंपासने कधीच निघणार नाही. ६४१ आणि ६७,००,४१७ हे दोघे वाटेत उभे आहेत. योहान हर्मेस नावाच्या जर्मन गणितज्ञाने ६५,५३७ बाजूंच्या आकृतीची कृती लिहिण्यात दहा वर्षे घालवली; त्याचे हस्तलिखित गटिंगनच्या विद्यापीठात जपून ठेवले आहे.

या ३१ आकृत्यांची यादी पिंगलाच्याच परंपरेतल्या एका रचनेत दडलेली आहे. दहाव्या शतकात हलायुधाने छंदसूत्रांवरच्या टीकेत मेरुप्रस्तार समजावून सांगितला. वरती १, खाली १ १, मग १ २ १, मग १ ३ ३ १, मग १ ४ ६ ४ १. आतला प्रत्येक अंक वरच्या दोन शेजाऱ्यांची बेरीज. आता विषम अंकाच्या जागी १ आणि सम अंकाच्या जागी ० लिहा आणि प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीची संख्या म्हणून वाचा. मिळतात १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५… पहिला एक सोडला तर बत्तिसाव्या ओळीपर्यंतच्या या ३१ संख्या म्हणजेच गाउसच्या ३१ आकृत्या, लहान ते मोठी अशा क्रमाने. तसेच उतरत चौसष्टाव्या ओळीशी आले की तिथला प्रत्येक अंक विषम निघतो. ओळीत सलग चौसष्ट एक उभे राहतात, आणि ती संख्या वाचली की १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

वृत्तांच्या प्रस्तारातून बुद्धिबळाच्या पटावर असे अचानक येऊन उतरणे, हे या संख्येचे सर्वांत मोहक रूप आहे.

तिची एक शेजारीणही ओळखून घ्यावी. आपल्या संख्येत दोन मिळवले की फर्माच्या मालिकेतली सातवी संख्या येते, कारण आधीच्या सगळ्यांचा गुणाकार अधिक दोन म्हणजे पुढची, हाच त्या मालिकेचा नियम. दोघींत फरक दोनाचा आणि दोघी विषम, म्हणून त्यांच्यात एकही समाईक अवयव असू शकत नाही. याच मुद्द्यावरून गोल्डबाखने १७३० मध्ये मूळ संख्या अनंत असल्याची नवी सिद्धता दिली: मालिकेतल्या प्रत्येक संख्येला आधी कुणाकडे नसलेला एखादा मूळ अवयव आणावाच लागतो. ही सातवी संख्याही मूळ नाही. तिचा २,७४,१७७ हा अवयव फॉर्चुने लाँद्री याने १८८० मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, कागद-पेन्सिलीने शोधून प्रसिद्ध केला. थॉमस क्लाउसेनने तो पंचवीस वर्षे आधीच गाउसला पत्राने कळवला होता, पण ते पत्र उजेडात यायला फार काळ जावा लागला.

दुसरी वाट खेळण्याच्या दुकानातून जाते. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये ‘हनोईचा मनोरा’ नावाचे कोडे विकायला आणले. तीन खुंट्या, एका खुंटीवर मोठीवर लहान अशा रचलेल्या चकत्या. एका वेळी एकच हलवायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही आणि सगळा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. कोड्यासोबत लवकरच काशीच्या देवळाची कथाही प्रसिद्ध झाली: तिथे पुजारी सोन्याच्या चौसष्ट चकत्या रात्रंदिवस हलवत आहेत आणि काम संपले की जगाचा अंत होणार. काशीत असे देऊळ नाही. कथा फ्रान्समध्येच जन्मली. पण चकत्यांची संख्या ६४ निवडल्यामुळे हालचाली नेमक्या गव्हाच्या दाण्यांइतक्या होतात. सर्वांत खालची चकती हलवण्यापूर्वी वरचा सगळा मनोरा बाजूला न्यावा लागतो आणि नंतर पुन्हा तिच्यावर आणावा लागतो, म्हणजे प्रत्येक वाढीव चकतीमागे काम दुप्पट अधिक एक: १, ३, ७, १५. सेकंदाला एक चकती हलवली तर चौसष्ट चकत्यांना सुमारे ५८५ अब्ज वर्षे लागतील. विश्वाचे आजवरचे वय १३.८ अब्ज वर्षे मानतात, त्याच्या बेचाळीसपट.

आजच्या माणसाच्या खिशात ही संख्या मोबाइलच्या रूपाने फिरते. आताचे बहुतेक मोबाइल आणि संगणक ६४ बिटांचे आहेत. त्यांच्या पोटात संख्या ठेवायला जणू चौसष्ट दिव्यांची रांग असते. दिवा पेटला तर एक, विझला तर शून्य. सगळे चौसष्ट पेटले की त्या रांगेत मावणारी सर्वांत मोठी संख्या होते, आणि ती अर्थातच आपली ओळखीची. तिच्यात एक मिळवला की जुन्या स्कूटरचा मीटर ९९९९९ वरून ००००० वर जावा तसे सगळे दिवे विझतात. याच चक्रामुळे ऋण एक दाखवायलाही संगणक तेच चौसष्ट पेटलेले दिवे वापरतो. एखाद्या प्रोग्रॅममध्ये अनपेक्षित जागी हे वीस अंक उमटले, तर जाणकार लगेच ओळखतो की शून्यातून एक वजा झाला आहे.

जुन्या ३२ बिटांच्या यंत्रणांत जागा पुष्कळ कमी होती. त्यांतल्या अनेक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवतात, आणि एक बिट धन-ऋण चिन्हासाठी गेल्यावर त्यांची मोजणी २,१४,७४,८३,६४७ वर संपते. हीच संख्या मूळ असल्याचे ऑयलरने १७७२ मध्ये दाखवले होते. सेकंदांची ती मोजणी भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. त्याच्या बरोबर एक सेकंद आधी, ८ वाजून ४४ मिनिटे ६ सेकंदांना, त्या घड्याळांतला आकडा असेल २,१४,७४,८३,६४६, म्हणजे ‘लीलावती’तल्या दात्याने महिन्याभरात वाटलेल्या कवड्या.